शेगाल: पत्नी, उपपत्नी की राणी?

दानीएलच्या पाचव्या अध्यायावर बायबल अभ्यासाचा पाठ घेणाऱ्याला, किंवा तो अध्याय नव्याने मराठीत आणणाऱ्याला, दुसऱ्याच वचनाशी थांबावं लागतं. बाबेलचा बेलशस्सर राजा भर मेजवानीत यरुशलेमच्या मंदिरातली पात्रं मागवतो. त्यांतून पिणाऱ्यांत सरदारांबरोबर दोन प्रकारच्या स्त्रिया आहेत. हा भाग मुळात अरामी भाषेत आहे आणि तिथे पहिल्या स्त्रियांना ‘शेगाल’ म्हटलंय, दुसऱ्यांना ‘लहेना’. पैकी शेगालला मराठीत काय म्हणायचं? तीन पर्याय आहेत, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

‘पत्नी’ सर्वांत सोयीचा. वाचक अडखळत नाही, अर्थही फारसा चुकत नाही. पण पुढच्याच अध्यायात दानीएलवर आरोप करणाऱ्यांना बायकामुलांसकट सिंहांच्या गुहेत टाकतात, तिथे ‘बायका’ या अर्थी नेहमीचा, साधा अरामी शब्द आलेला आहे. लेखकापाशी तो शब्द असताना राजाच्या स्त्रियांसाठी त्याने दुसरा निवडला. ‘पत्नी’ लिहिलं की दोन्हींमधला फरक पुसला जातो.

‘उपपत्नी’ला आधार आहे तो एका हिब्रू क्रियापदाचा. त्याची व्यंजनं हीच, अर्थ मात्र शरीरसंबंधाचा, तोही इतका उघडा की बायबलमधल्या अनुवाद, यशया, यिर्मया आणि जखऱ्या या चार ग्रंथांत तो शब्द लिहिलेला असूनही वाचताना सभ्य शब्द उच्चारायची परंपरा पडली. शेगाल याच धातूतून आला असं धरलं तर ती राजाची शय्यासंगिनी ठरते. थिओडोशनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक दानीएलातही तिच्यासाठी रखेल या अर्थाचा शब्द आहे. (दुसऱ्या, जुन्या ग्रीक भाषांतरात या वचनात स्त्रियाच नाहीत, पितात ते फक्त राजाचे सोबती.)

मला हा पर्याय पटत नाही, आणि त्याची कारणं बायबलमध्येच आहेत. स्तोत्र 45:9 मध्ये शेगाल ओफीरचं सोनं लेऊन राजाच्या उजव्या हाताला उभी आहे. नहेम्या 2:6 मध्ये अर्तहशश्त राजा नहेम्याशी बोलत असताना ती शेजारी बसलेली आहे. ही मानाची जागा. शिवाय दानीएलात लगेच लहेना येते. शेगालही उपपत्नीच असेल, तर दोन शब्दांची जोडी कशासाठी?

‘राणी’च्या बाजूने पुरावा येतो तो असिरियातून. तिथल्या अक्कादी भाषेत राजाच्या पत्नीला ‘श एकल्ली’, म्हणजे ‘राजवाड्याची’, असं म्हणत. फिन्निश असिरियाविद सिमो पार्पोला यांनी 1988 मध्ये या पदवीचा उच्चार आणि शेगाल यांची सांगड घातली. योगायोग असा की त्याच सुमारास इराकी पुरातत्त्वज्ञांना असिरियाची जुनी राजधानी निमरूद इथल्या राजवाड्याखाली राण्यांच्या कबरी सापडत होत्या. तिथल्या सोन्याच्या वस्तूंवर याबा, बनीतू, अतालिया या नावांशी हीच पदवी कोरलेली आहे. राणीवसा ज्यांच्या भाषेत आहे त्या मराठी वाचकाला राजवाड्यावरून राजस्त्रीची ओळख सांगणं परकं वाटणार नाही.

अडचण एकच, पण खरी. दहाव्या वचनात ‘राणी’ मेजवानीच्या दालनात येते, तिच्यासाठी ‘मल्कता’ हा सरळ शब्द आहे, आणि शेगाल तर आधीपासून तिथेच बसलेल्या आहेत. दोन्हींकडे ‘राणी’ लिहिलं तर वाचक गोंधळेल. मात्र ही मल्कता आधीचा राजा नबुखद्नेस्सर याच्या काळातल्या गोष्टी जाणत्या माणसासारख्या सांगते, राजाला धीर देते, दानीएलला बोलवायचा सल्ला देते. तिला राजमाता समजणंच सयुक्तिक.

म्हणून माझी निवड अशी: दुसऱ्या वचनात ‘राण्या’, दहाव्यात ‘राणी’ आणि तिथे ‘बहुधा राजमाता’ अशी तळटीप. पाठ तोंडी घेत असाल तर थेट ‘राजमाता’ म्हणा. ‘पट्टराणी’ मात्र कुठेच नको. दुसऱ्या वचनातलं अनेकवचन त्याला थारा देत नाही.

उरली लहेना. तिच्यासाठी ‘उपपत्नी’ चालेल, पण शब्द मुळात चाकरीचा दिसतो. इजिप्तमधल्या एलेफंटाइन बेटावरच्या इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या अरामी दस्तऐवजांत अनन्या नावाचा यहुदी मंदिरसेवक आहे, त्याच्या हुद्द्याचं नाव ‘लहेन’, आणि एका खरेदीखतात त्याच्या बायकोलाही तेच पद स्त्रीलिंगी रूपात लावलेलं आहे. त्यामुळे ‘रखेल’ हा शब्द तिच्यासाठीही टाळलेला बरा.