मॅग्नाफ्लोचा ५×८ ओव्हल मफलर: १.८ ते २ लिटरच्या पेट्रोल गाडीसाठी

मॅग्नाफ्लोचा हा मफलर, म्हणजे मागचा सायलेन्सर, आतून आरपार सरळ आहे. बॉडी १४ इंच, टोकापासून टोकापर्यंत २० इंच. मधून भोकं पाडलेली नळी जाते, तिच्याभोवती स्टेनलेसच्या जाळीचं आवरण आणि त्याबाहेर आवाज शोषणाऱ्या तंतूंचं भरण असतं. स्वस्तातल्या ग्लासवूलच्या सायलेन्सरमधलं भरण हळूहळू जळून उडून जातं आणि आवाज फाटत जातो. इथे जाळीमुळे तो धोका कमी. जास्तीचे पैसे प्रामुख्याने याचेच आहेत. एक गैरसमज मात्र सोडा: चुंबक चिकटला म्हणजे माल खोटा असं नाही, ४०९ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतोच.

१३० ते १६० बीएचपीला २.२५ इंची पाईप पुरतो. ३ इंची घेऊन आवाज वाढतो आणि मागच्या अॅक्सलजवळ जागेची मारामारी होते, बाकी हाती काही लागत नाही. वळणं मँड्रेलवर (पाईपच्या आत आधाराचा दांडा घालून) काढलेलीच घ्या. साध्या बेंडिंग मशीनवर पाईप वळणात चपटा होतो आणि आरपार मफलरचा फायदा तिथेच संपतो.

आता याची खरी उणीव. असा मफलर चिरका आवाज छान शोषतो, खालच्या पट्टीतली घरघर नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात २,४०० आरपीएमला सेकंदाला ८० स्फोट होतात आणि हायवेवर नेमकी तीच घरघर केबिनमध्ये घुमते. म्हणून मधला रेझोनेटर (लाईनमधली घरघर कमी करणारी डबी) काढू नका, नसेल तर बसवून घ्या. तरीही घुमलं तर मुख्य पाईपला टोक बंद असलेला फाटा जोडावा लागतो. ८० हर्ट्झसाठी (सेकंदाला ८० कंपनं) त्याची लांबी साधारण १.३ मीटर येते, पण ती वायूच्या तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे टोकाला आधी सरकतं झाकण ठेवा, गाडी चालवून जागा पक्की करा, मगच वेल्ड मारा.

फिटिंगला सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करा. वेल्डिंगची अर्थिंगची वायर पाईपवरच, कामाच्या जवळ लावा. सस्पेन्शनला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो. सगळी लाईन आधी फक्त टॅक करून (ठिपक्याएवढं वेल्ड मारून) रबर हँगरवर टांगा, इंजिन हलवून बघा आणि मगच पूर्ण वेल्ड करा. स्टेनलेसचा २ मीटर पाईप ३०० अंशांनी तापला की सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. दोन्हीकडून घट्ट आवळलेली लाईन म्हणूनच वेल्डजवळ तडकते. पुढचा फ्लेक्स पाईप (इंजिनाचे हेलकावे झेलणारा लवचीक तुकडा) काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बॉडी, ब्रेक लाईन आणि पेट्रोल टाकीपासून किमान २५ मिलिमीटर अंतर हवं, टाकीजवळ हीट शील्डही. स्टेनलेस माइल्ड स्टीलला जोडताना ३०९एल रॉड वापरा. स्टेनलेस स्टेनलेसला जोडत असाल तर आतून आर्गॉन सोडायला सांगा, नाहीतर जोडाची आतली बाजू काळी, खडबडीत होते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मफलर मागे किंचित उतरता ठेवा, म्हणजे छोट्या फेऱ्यांत साचणारं पाणी बाहेर पडेल.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला) हात लावायचा नाही. पीयूसीत आवाज मोजत नाहीत, त्यामुळे ते प्रमाणपत्र आवाजाच्या तक्रारीत उपयोगी पडत नाही. आवाजाचा नियम मोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रेझोनेटरसह हा मफलर घेण्यासारखा आहे, एकट्याने नाही.