रोज उडायचं की नदीकाठीच राहायचं? अलास्कातल्या फिशिंग लॉजबद्दल

मासेमारीला अलास्कातल्या ब्रिस्टल बेलाच जायचं हे पक्कं झालंय, ऑफिसात सुट्टी टाकलीये, घरून परवानगी मिळालीये आणि आता फक्त लॉज कुठला घ्यायचा इथे गाडी अडलीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. सॅमन किती जातीचे, रॉड कुठला घ्यावा, लायसन्स कुठे मिळतं हे तुम्ही आधीच पाहिलेलं असणार, त्यात शिरत नाही.

मुळात प्रकार दोन. एक फ्लाय-आऊट, म्हणजे लॉज एका तळ्याकाठी, दारात पाण्यावर उतरणारं विमान, रोज सकाळी वेगळ्या नदीवर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. दुसरा म्हणजे नदीच्या काठावरच बसलेला लॉज, विमानाने एकदा सोडलं की आठवडाभर बोटीनेच फिरायचं. मी दोन्ही केलेत. २०१८ च्या ऑगस्टअखेर इलियाम्ना तलावाच्या बाजूला, सिएटलच्या ऑफिसातल्या तिघांबरोबर, फ्लाय-आऊट. आणि २०२३ च्या जुलैत अलाग्नाक नदीवर, आमच्या आबांना घेऊन. रस्ता दोन्हीकडे नाही, विमानातून लांबपर्यंत खाली नुसती तळी आणि ओली दलदल दिसत राहते.

आधी फ्लाय-आऊटचं कौतुक करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून मला ते आवडलं नाही असं वाटेल आणि तसं अजिबात नाहीये. ते बीव्हर विमान म्हणजे एक प्रकरणच आहे. १९६७ नंतर बनलंच नाही, त्यामुळे मी ज्यात बसलो ते नक्की माझ्यापेक्षा वयाने मोठं होतं, कानाला हेडफोन, पायाखाली वेडरच्या (पाण्यात उभं राहायला घालायच्या, छातीपर्यंतच्या रबरी विजारींच्या) पिशव्या, आणि पाण्यावरून उठताना ते असं थरथरतं की आपल्या गावची जुनी एसटी घाट चढताना आठवावी. मोरेन क्रीकला गेलो त्या दिवशी एका वळणावर सात अस्वलं मोजली, सातवं मोजेपर्यंत पहिलं उठून आमच्याच दिशेने यायला लागलं होतं. गाईडने शांतपणे सांगितलं, लाइन गुंडाळा, मागे व्हा, मासा लागलेला असला तर लाइन तोडून टाका. माझ्या लाइनवर तेव्हा रेनबो ट्राउट होता, हाताएवढा लांब, तोडली लाइन. तो रेनबो अजून डोळ्यासमोर आहे. उगीच नाही लोक त्या ओढ्यांसाठी जगभरातून येत, सॉकाय जातीचे सॅमन अंडी घालायला लागले की त्यांच्या मागे मागे ती अंडी खायला हे ट्राउट येतात आणि नुसते फुगलेले असतात. असं पाणी नदीकाठच्या लॉजमधून सहसा मिळत नाही, हे मान्यच करायला हवं.

आता मुद्द्याचं. धुकं.

ब्रोशरमध्ये एक वाक्य असतं, हवामानानुसार बदल संभवतो. ते वाचून आपण पुढे जातो. ही विमानं डोळ्यांनी बघून उडवतात, समोरचं दिसत नसेल तर उडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पायलटला कधीही घाई करू नका. पण त्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते सांगतो. सकाळी साडेसहाला नाश्ता. सातला वेडर चढवायचे, कारण हवा उघडली की लगेच निघायचं असतं, तेव्हा कपडे बदलत बसायला वेळ नाही. मग धक्क्यावर कॉफीचा मग घेऊन उभं राहायचं. तळ्यापलीकडे एक टेकडी होती, तिच्या निम्म्यावर एक पांढरट खडकाचा पट्टा. पायलट म्हणाला, तो पट्टा दिसला की निघू. बस्स, तिथून पुढे आमचा आठवडा म्हणजे तो पट्टा. साडेआठला जरासा दिसला, सगळे उठले, पिशव्या उचलल्या, पुन्हा गेला. दहाला परत तेच. छातीपर्यंतचे वेडर घालून तीन कॉफ्या झाल्यावर माणसाची काय अवस्था होते ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल, खांद्याचे पट्टे सोडा, बेल्ट सोडा, सगळं खाली करा, परत या, परत चढवा, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडतं, दिसला दिसला! एकदा मी अर्धा वेडर ओढत धावत आलो तर पट्टा पुन्हा गायब. आंबोलीत एवढ्या धुक्यात एसटी हॉर्न वाजवत येते हो, पण विमानाला हॉर्न वाजवून भागत नाही.

सहा दिवसांतले दोन पूर्ण गेले. दोन अर्धे गेले, म्हणजे दुपारी एकच्या पुढे निघालो. उरलेले दोन स्वप्नवत होते. आता हे माझं नशीब, दुसऱ्या कोणाला सहाही दिवस स्वच्छ ऊन मिळालं असेल, मी काही हवामान खातं नाही. पण मी तरी तिथे पैसे मोजून मुख्यतः एका टेकडीकडे पाहिलं. पैसे अर्थातच परत मिळत नाहीत, आणि लॉजवाल्यांचाही दोष म्हणता येणार नाही. गेलेल्या दिवशी त्यांनी तळ्यातच बोटीने फिरवलं, पण ते म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेर नुसतं सरबत पिऊन परत येण्यासारखं.

शिवाय जे दिवस उडालो त्यातही घड्याळ होतंच. विमान घ्यायला चारला येणार म्हणजे साडेतीनला लाइन गुंडाळून ओढ्यावरून तळ्याकडे चालायला लागायचं, त्या उंचसखल गवताच्या ढेकळांवरून, आणि मासे नेमके तेव्हाच लागायला लागलेले असतात. लॉजवर परतून जेवायचं आणि मग? सूर्य अजून डोक्यावर आणि आपण सोफ्यावर.

अलाग्नाकला नेमका हाच काटा निघाला. सकाळी धुकं होतंच, अगदी दाट. गाईडने बोट सुरू केली आणि हळू हळू गेलो, पंधरा मिनिटांत पाण्यात उभे. धुक्यातच मासा लागला. मला तेव्हा खरंच हसू आलं, पाच वर्षांपूर्वी या वेळी मी पट्टा शोधत होतो. आणि जेवण झाल्यावर कोणी काही विचारत नाही, लॉजसमोरच्या वाळूवर जाऊन उभं राहायचं, जुलैत रात्री अकराच्या पुढेही उजेड असतो, डास तेवढे सोसायचे. मला वाटतं माझे निम्मे मासे तरी रात्रीच्या जेवणानंतरचे असतील. मोजले नाहीत, पण तसं वाटतं.

आबांबद्दल थोडं लिहायला हवं कारण निवड करताना ते महत्त्वाचं ठरलं. वय तेव्हा ७३, आयुष्य हर्णैला गेलेलं, खाडीवर गरवण्यात आणि पागण्यात हयात गेली. फ्लाय-आऊटला त्यांना रोज दोनदा विमानात चढवायचं म्हणजे फ्लोटवर, विमानाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या पायावर, एक पाय, मग ती बारीक शिडी, आणि मग ते ढेकळांवरून चालणं, त्यांच्या गुडघ्यांना झेपलंच नसतं. नदीवर आठवड्यात दोनदाच, येताना आणि जाताना. बाकी बोटीतून उतरलं की वाळू. पहिल्याच दिवशी दुपारी गाईड म्हणाला की आता जरा थांबू, पाणी चढायला लागलं की नवीन मासे येतील, आमचा लॉज नदीच्या खालच्या अंगाला होता, तिथपर्यंत समुद्राची भरती जाणवते. मी भाषांतर करायच्या आत आबा म्हणाले, "भरती लागल्येय रे, ते बघ, काडी उलटी चालली." काठाजवळ एक काडी खरंच हळूहळू वरच्या दिशेला सरकत होती. अर्ध्या तासात सॉकाय आले, असे की काठालगत पाण्यावर नुसती वळवळ. गाईडला इंग्रजीतून सांगितलं तेव्हा त्याने आबांना टोपी काढून दाखवली, त्यानंतर आठवडाभर तो थांबायचं की निघायचं ते आबांकडे बघून ठरवत होता, निदान आबांचं तरी तसं म्हणणं आहे.

एक भांडण मात्र झालं. संध्याकाळी मासे साफ करायच्या टेबलावर गाईडने सपासप दोन बाजूंचे तुकडे काढले आणि डोकं, काटा, पोटातलं सगळं प्रवाहात. अस्वलं लॉजकडे येऊ नयेत म्हणून तसंच करतात, खोल वाहत्या पाण्यात टाकायचं. आबा उभेच राहिले. "अरे, डोकी टाकतायत रे हे! कालवणाचा मासा टाकून लाकडं घेऊन चाललेत." शेवटी मी कूकशी बोललो, त्याने तीन डोकी आणि स्वयंपाकघराचा एक कोपरा दिला, आबांनी पिशवीतून आमसुलं आणि मसाला काढला. ओक्लाहोमाचे एक गृहस्थ होते त्यांनी दोनदा घेतलं. (घरी मात्र आबा सगळ्यांना सांगतात की मासा चांगला आहे पण रावसाची सर नाही. रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, तसं दोघांचं नातं काहीच नाही, पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.)

आता नदीकाठच्या लॉजची उणी बाजू, नाहीतर मी कमिशन घेतो असं वाटायचं. एकच नदी. मासे आले तर राजा, नाही आले तर आठवडाभर त्याच वळणांवर फिरायचं, दुसरीकडे उडून जायची सोय नाही. म्हणून तारखा इथे जास्त नाजूक. सॉकायसाठी जून संपता संपता ते जुलैचा मध्य, सिल्व्हर सॅमनसाठी ऑगस्ट, मोठ्या ट्राउटसाठी त्याच्याही पुढे. २०२२ ला ब्रिस्टल बेत जवळपास ७ कोटी ९० लाख सॉकाय आले, तो विक्रम, तेव्हा कोणीही काहीही टाकलं तरी लागत होतं म्हणे, पण किंग जातीच्या सॅमनचं उलट आहे, अलीकडे त्यावर कधी कुठे बंदी येईल सांगता येत नाही, त्यामुळे निव्वळ किंगसाठी पैसे भरू नका असं मी म्हणेन. आणि जुलैत नदीवर तुम्ही एकटे नसता, इतर लॉजच्या बोटीही असतात. खोल्या साध्या, आमच्याकडे बाथरूम दोन खोल्यांत मिळून एक. फ्लाय-आऊटला उशीवर चॉकलेट होतं, इथे उशीवर डास.

आणि धुकं इथेही सुटत नाही, येताना-जाताना गाठतंच. परतीच्या दिवशी किंग सॅमनहून (हे माशाच्याच नावाचं गाव, मोठं विमान तिथे बदलायचं) विमान वेळेत आलं नाही, सगळं संध्याकाळवर गेलं आणि आमचं अँकरेजचं पुढचं विमान चुकलं. तेव्हा शेवटी एक दिवस हातात ठेवाच, दोन्ही प्रकारांत. पण एक दिवस प्रवासाला जाणं आणि मासेमारीचे दिवस जाणं यात मला तरी फरक वाटतो.

पैशाचं म्हणाल तर फ्लाय-आऊटला आठवड्याला दहा हजार डॉलरच्या खाली मला ढंगाचं काही दिसलं नव्हतं, नदीकाठचं साधारण त्याच्या निम्म्यात-पाऊणपटीत बसलं. लॉजनुसार बदलेल, पण विमान रोज उडवायचं म्हणजे तेवढं लागणारच.

सामानाचं दोन्हीकडे सारखंच, मऊ बॅग, ५० पौंडांच्या आत, चाकांची कडक सूटकेस आणलीत तर ती किंग सॅमनलाच राहते. बुटांना खाली फेल्ट (नमदा) असेल तर घरीच ठेवा, अलास्काच्या नद्यांत २०१२ ला त्यावर बंदी आली होती, आताचा नियम बघून घ्या, नाहीतर सरळ रबरी तळाचे घ्या. अस्वलावर मारायचा बेअर स्प्रे विमानात नेऊ देत नाहीत, तिथेच मिळतो. आणि लोणच्याची बाटली दोन पिशव्यांत बांधा, माझा एक शर्ट अजून हळदीचा आहे.

मधे कोणीतरी विचारेलच की मग केनाई नदी का नाही, रस्त्याने जाता येतं. जा की. अँकरेजहून गाडी काढली की दोन-एक तासांत कूपर लँडिंग, खर्च एकदम कमी. पण सॉकायच्या दिवसांत रशियन नदी मिळते तिथे खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं, त्याला कॉम्बॅट फिशिंग म्हणतात ते गमतीने नाही. दादर स्टेशन बघितलेल्याला चालेल, पण लॉजची सुट्टी म्हणून जाणाऱ्याने विचार करावा. केचिकन, सिटकाची बाजू म्हणजे समुद्र, हॅलिबट मासा, सिएटलहून थेट विमान, चांगलीच आहे, पण बोट लागणाऱ्यांनी सांभाळून. मला नदीच हवी होती म्हणून तिकडे पाहिलं नाही.

तर तुम्हाला फक्त मोठे रेनबो हवेत, पाय मजबूत आहेत, पुन्हा कधी येणं होणार नाही आणि दोन दिवस गेले तर मन मारता येतं, तर फ्लाय-आऊट घ्या, खरंच घ्या, मोरेनसारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. काही नदीकाठचे लॉज आठवड्यात एखादा दिवस वेगळे पैसे घेऊन उडवून आणतात, तसं मिळालं तर बहुधा सगळ्यात उत्तम, हवा चांगली असेल त्या दिवशी जायचं आणि नसेल तर पैसे खिशात. मी पुढच्या ऑगस्टचं बुकिंग तशाच ठिकाणी केलंय, सिल्व्हरसाठी. आबा येणार आहेत. डोकी फ्रीज करून आणायला वेगळा बॉक्स मिळतो का, एवढं लॉजला विचारून घे असं त्यांनी सांगितलंय, ते अजून विचारायचं राहिलंय.