गीत कुणाचं? लॉरी मॅकेनाची सीडी ‘द बर्ड अँड द रायफल’

2016 च्या मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आम्ही श्रूजबरीला राहतो, मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला. सकाळी धाकट्याला शाळेत सोडायला निघालो की आई पुढच्या सीटवर बसायची आणि मी कंट्री संगीताचं, म्हणजे अमेरिकन खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांचं, स्टेशन लावायची. त्या दिवसांत गायक टिम मॅग्रॉचं ‘हम्बल अँड काइंड’ इतकं वाजत होतं की सोडताना एकदा आणि परत येताना एकदा हमखास कानावर पडायचं. गाणं संपलं की आई विचारायची, “गीत कुणाचं गं?”

तिचा प्रश्न रास्तच होता. मिरजेच्या आमच्या घरी सांगली आकाशवाणी दिवसभर चालू असायची आणि निवेदिका गाण्यासोबत तिन्ही नावं सांगायची: गीत, संगीत, स्वर. गदिमांनी लिहिलं, बाबूजींनी चाल लावली, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते रेडिओनेच कानात घातलं. इथल्या रेडिओवर गायकाचं नाव सांगतात आणि लगेच जाहिराती सुरू होतात. दोन आठवडे मी “माहीत नाही” म्हणत राहिले. मग एकदा शाळेच्या दारात गाडी थांबवून फोनवर शोधलं. गीत आणि संगीत, दोन्ही लॉरी मॅकेना. सोबत दुसरं कुणाचंही नाव नाही. राहणार स्टोटन, मॅसॅच्युसेट्स. म्हणजे आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर!

त्याच जुलैच्या शेवटी तिची स्वतःची सीडी आली, ‘द बर्ड अँड द रायफल’. पहिल्याच आठवड्यात घेतली आणि तेव्हापासून ती गाडीत आहे. मधे गाडी बदलली, सीडी तीच राहिली. इतक्या वर्षांच्या ऐकण्यानंतर लिहिते आहे, आणि मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण कंट्री म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना टोपी, घोडा आणि ट्रक एवढंच आठवतं.

दहा गाणी आहेत. निर्माता डेव्ह कॉब, ज्याने आदल्याच वर्षी कंट्री गायक क्रिस स्टेपलटनचा ‘ट्रॅव्हलर’ हा अल्बम केला होता. त्याच्या कामातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो आवाजाला घासूनपुसून चकचकीत करत नाही. मॅकेनाचा आवाज मोठा नाही. वरच्या स्वराला जाताना किंचित फाटतो, ओळीच्या शेवटी श्वास ऐकू येतो. कॉबने ते सगळं राहू दिलं आहे. गिटार पुढे आहे, बाकीची वाद्यं तिच्यामागून चालतात.

पाचवं गाणं ‘हम्बल अँड काइंड’. मी सीडी घेतली ती याच्यासाठीच. मॅग्रॉचं गाणं चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते हळूहळू चढत जातं आणि शेवटाकडे मैदानभर माणसं सोबत गातील असं मोठं होतं. मॅकेनाने हे गाणं घरच्या डायनिंग टेबलाशी बसून लिहिलं, मुलं शाळेत गेलेली असताना. तिला पाच मुलं आहेत. त्यांना सांगायच्या गोष्टींची ती यादी आहे: दार धरून ठेवा, आभार माना, खोटं बोलू नका, पुढे गेलात की मागच्याला हात द्या. तिच्या आवाजात ती यादीच राहते. मोठी होत नाही, चढत नाही.

आईला इंग्रजी जेमतेम कळतं. मी दोन्ही गाणी लागोपाठ लावली आणि काही न सांगता विचारलं, कसं वाटलं. मॅग्रॉचं ऐकून म्हणाली, “हा सभेत बोलतोय.” मॅकेनाचं ऐकताना बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ही डबा भरताना बोलतीय.” या सीडीबद्दल याहून नेमकं मी आजवर काही ऐकलेलं नाही.

आता तिच्या वाटचालीबद्दल, कारण ती माहीत असली की ही गाणी वेगळी ऐकू येतात. मॅकेनाचा जन्म 1968 चा. तिची आई ती लहान असतानाच गेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न, मग मुलं. गाणी ती घरातल्या घरात लिहायची. लोकांसमोर पहिल्यांदा गायली ती सत्ताविसाव्या वर्षी, वेस्टबरोच्या एका कॉफीहाउसमध्ये, ओपन माइकच्या, म्हणजे कुणीही येऊन गावं अशा, रात्री. वेस्टबरो आमच्या शेजारचं गाव, आम्ही तिथे किराणा आणायला जातो. हे कळल्यापासून त्या रस्त्यावरून जाताना माझी नजर उगाचच दुकानांच्या पाट्यांवरून फिरते.

पुढची काही वर्षं बॉस्टनच्या आसपासच्या छोट्या जागांतून ती गात राहिली, स्वतःचे अल्बम काढत राहिली. 2005 मध्ये कंट्री गायिका फेथ हिलने तिची तीन गाणी ‘फायरफ्लाइज’ या अल्बमवर घेतली. अल्बमचं नावसुद्धा तिच्याच गाण्यावरून. त्यातून मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि 2007 मध्ये ‘अनग्लॅमरस’ आला. सहनिर्माता कोण? फेथ हिलचा नवरा, टिम मॅग्रॉ. एवढं पाठबळ असूनही तो अल्बम तिला रेडिओवरची मोठी गायिका करू शकला नाही. करार संपला. तेव्हा तिचं वय चाळिशीच्या घरात, घरात पाच मुलं आणि राहायला कंट्री संगीताच्या राजधानीपासून, नॅशव्हिलपासून, हजार मैलांवर.

गायिका म्हणून जमलं नाही, म्हणून दुसऱ्यांसाठी लिहायला लागली, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. फेथ हिलने गाणी घेतली ती करार व्हायच्या आधी. लोकांना तिचे शब्द आधी हवे होते, आवाज नंतर. तिने ते ओळखलं आणि कामाची घडी त्याप्रमाणे बसवली. नॅशव्हिलमध्ये गाणं लिहिणं हे वेळ ठरवून करायचं काम आहे. सकाळी दोघं-तिघं एका खोलीत बसतात, कुणाकडे एखादी ओळ असते, कुणाकडे गिटारवरची सुरावट, आणि संध्याकाळपर्यंत गाणं उभं राहतं. मग ते कच्चं ध्वनिमुद्रित करून गायकांकडे पाठवायचं. मॅकेना तिथे जायची, लिहायची आणि स्टोटनला परत यायची. मुलं, नवरा, गाव, काहीच सुटलं नाही.

पैशाचा हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला मिळतो तो लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गायकाला त्यातलं काही मिळत नाही. सीडी विकली गेली की त्या काळात पाच मिनिटांपर्यंतच्या एका गाण्यामागे 9.1 सेंट ठरलेले होते, आणि ते लिहिणाऱ्यांत आणि प्रकाशकांत वाटले जायचे. म्हणून एकटीने लिहिलेलं ‘हम्बल अँड काइंड’ दिवसभर रेडिओवर वाजणं म्हणजे काय, हे मला फार उशिरा उमगलं. ज्या रेडिओने तिचं नाव एकदाही घेतलं नाही, त्यानेच तिचं घर चालवलं.

मग यशही सलग आलं. हिलरी लिंडसी आणि लिझ रोझ या गीतकारांसोबत तिने ‘गर्ल क्रश’ लिहिलं, ते लिटल बिग टाउन या कंट्री गटाने गायलं. तिघींनी आपल्या टोळीला ‘लव्ह जंकीज’ असं नाव दिलं आहे. 2015 चा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार त्या गाण्याला, 2016 चा ‘हम्बल अँड काइंड’ला. दोन्ही गाण्यांना ग्रॅमीही मिळालं. 2017 मध्ये अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकने तिला वर्षातली सर्वोत्कृष्ट गीतकार ठरवलं, आणि हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. तरुण वाचकांसाठी सांगते, टेलर स्विफ्टचं ‘आय बेट यू थिंक अबाउट मी’ लिहिण्यातही तिचा हात आहे.

परत सीडीकडे येते. पहिलं गाणं, ‘रेक यू’, लग्नात काहीतरी निसटलं आहे आणि ते नेमकं कधी निसटलं ते दोघांनाही सांगता येत नाही, याबद्दल आहे. शीर्षकगीतात बायको पक्षी आणि नवरा बंदूक. ती उडून जाईल या भीतीनेच तो बंदूक झाला आहे. ऐकताना मला आमच्या वाड्यातल्या दोन घरांची आठवण आली, जास्त लिहीत नाही. ‘गिव्हिंग अप ऑन युअर होमटाउन’ मात्र परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ऐकावं. गावातली ओळखीची ठिकाणं एकेक करून बदलत जातात आणि तरी गाव सोडवत नाही. मिरजेला दर दोन वर्षांनी गेल्यावर स्टेशनपासून घरापर्यंतच्या रिक्षात माझ्या मनात जे चालतं, ते स्टोटन न सोडलेल्या बाईने लिहून ठेवलं आहे.

सगळंच जमलं आहे असं नाही. शेवटचं ‘इफ व्हिस्की वेअर अ वुमन’ मला बेतलेलं वाटतं. कल्पना आधी सुचली आणि माणसं मागून आणली, असं. ‘ओल्ड मेन यंग विमेन’मधला टोमणा पहिल्यांदा ऐकताना आवडतो, पाचव्यांदा ऐकताना त्याची धार जाते. मधल्या दोन-तीन गाण्यांचा ठेका इतका सारखा आहे की लांबच्या प्रवासात ती एकमेकांत मिसळतात. नाचायला, पार्टीला किंवा स्वयंपाकघरात मागे चालू ठेवायला ही सीडी घेऊ नका. शब्दांकडे लक्ष नसेल तर हाती काहीच लागणार नाही. भावगीतं ऐकताना हातातलं काम थांबवणाऱ्या लोकांसाठी ती आहे.

आवडली तर पुढे 2018 चा ‘द ट्री’ घ्या. त्यातलं वडिलांच्या म्हातारपणाचं ‘पीपल गेट ओल्ड’ मी एकटी असतानाच लावते. 2023 चा ‘1988’ही घ्या, तिच्या लग्नाच्या वर्षाचं नाव असलेला. दोन्ही कॉबनेच केले आहेत आणि ‘1988’मध्ये गिटार जरा जास्त जोरात आहेत. पण सुरुवात याच सीडीने करा, आणि पाचव्या गाण्याआधी मॅग्रॉचं एकदा ऐकून घ्या.

आई त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला परत गेली. दिवाळीत तिचा फोन आला. भाचा तिला मोबाइलवर गाणी शोधून देत होता. म्हणाली, “अगं, ते तुझ्या गाडीतलं गाणं याला सांग. तो टोपीवाला लावून देतोय सारखा. मला त्या बाईचं पाहिजे.”