फ्रीफाइलसिंक: बॅकअप झकास, टाइम लावायची कटकट आपली

घरच्या लॅपटॉपवर फोटो, बाबांच्या पेन्शनच्या कागदांचे स्कॅन आणि बायकोच्या पीएचडीचं फोल्डर, हे सगळं रोज रात्री एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आपोआप जावं एवढीच अपेक्षा होती, म्हणून फ्रीफाइलसिंक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं. घरगुती वापराला फुकट आहे.

डावीकडे आपलं फोल्डर, उजवीकडे बॅकअपचं, कंपेअर दाबलं की काय नवीन, काय बदललं, काय उडणार ते आधीच दाखवतं, हे बेस्ट. पहिल्या वेळी सगळं कॉपी व्हायला वेळ लागतो, नंतर फक्त बदललेल्या फायली जातात त्यामुळे पटकन उरकतं.

मिरर मोडमध्ये (उजवीकडचं हुबेहूब डावीकडच्यासारखं करतो तो) मात्र जपून हां, इकडची फाइल डिलीट झाली की पुढच्या वेळी तिकडची पण जाते. म्हणून सेटिंगमध्ये व्हर्जनिंग आणि त्यात फाइलला टाइम स्टॅम्प हा पर्याय निवडाच, मग जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये नावापुढे तारीख-वेळ चिकटवून पडून राहते. बायकोच्या गाइडने तिसरं प्रकरण दोनदा बदलायला लावलं आणि मग म्हणाले आधीचंच बरं होतं, तेव्हा ती आधीची फाइल तिथूनच काढली!

आता कटकट. यात स्वतःचा टायमर नाहीये. आपली सगळी सेटिंग बॅच जॉब (आपोआप चालवता येणारी फाइल) म्हणून सेव्ह करायची (रन मिनिमाइज्ड आणि ऑटो-क्लोज टिक करून) आणि मग विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रोजची वेळ लावायची. तिथे पण एक गोम आहे, लॅपटॉप चार्जिंगला नसेल तर टास्क सुरूच होत नाही, ही टिक आधीपासून लावलेली असते, आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही म्हणून मी ती काढली. आणि ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर नंतर चालू केल्यावर लगेच चालव, ही टिक लावली, ती आपणहून नसते. नवख्या माणसाला हे कोण सांगणार? यासाठी अर्धा स्टार कापला.

डिस्क वेगळ्या पोर्टला लावली की तिचं ड्राइव्हचं अक्षर कधी ई तर कधी एफ होतं, त्यावर उपाय म्हणजे पाथमध्ये (फोल्डरच्या पत्त्यात) अक्षराऐवजी चौकोनी कंसात डिस्कचं नाव द्या, बरोबर शोधतं.

गूगल ड्राइव्हवर पण पाठवता येतं पण फुकटच्या १५ जीबीत आमचे फोटो कुठले मावतात, तिकडे फक्त पीएचडी आणि पेन्शन टाकलंय.