‘आफ्रिकन भुंगा’ दाखवून मधपेटी नेणाऱ्यांपासून जपा

मुलुंडमधल्या एका गच्चीवर जुलैत सातेरी या देशी जातीच्या मधमाश्यांची पेटी आली. विकणाऱ्याने ती उघडून दाखवलीच नाही. ‘पावसात उघडली तर माश्या उठून जातील,’ म्हणाला. आत पोळी धरणाऱ्या आठ लाकडी चौकटी होत्या, माश्या मात्र जेमतेम दोन चौकटींवर. बाकीची पोळी जुनी, काळी पडलेली. पंधरवड्यात त्यांवर जाळं धरलं आणि अळ्या दिसू लागल्या. फोटो पाठवल्याबरोबर तोच माणूस हजर: ‘ताई, हा आफ्रिकन भुंगा. शेजारच्या पेट्याही जातील.’ औषधाच्या पुडीचे पैसे वेगळे. पुडी टाकल्यावर उरलेल्या माश्याही मेल्या. मग ‘जाळावी लागेल’ म्हणत पेटी चौकटींसकट उचलली. नव्या पेटीसाठी वरचे पैसे आधीच घेतले होते. ती आलीच नाही. जुनी जाळली असेल यावर आमचा विश्वास नाही. धुऊनपुसून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली असणार.

फोटोतल्या अळ्या साध्या मेणपतंगाच्या, म्हणजे पोळ्याच्या मेणावर वाढणाऱ्या पतंगाच्या, होत्या. मधपेटीतला छोटा भुंगा, एथिना ट्युमिडा, हा खराच धोका आहे. मूळचा आफ्रिकेचा हा किडा 1998 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला आढळला, 2014 मध्ये इटलीत. नाव ऐकून पेटीचा मालक धास्तावतो आणि भामट्याचं काम होतं.

फरक ओळखायला भिंग आणि पांढरा कागद पुरतो. अळी कागदावर ठेवून पाय मोजा. भुंग्याच्या अळीला डोक्यामागे फक्त तीन जोड्या पाय असतात, पाठीवर काटेरी टोकं असतात आणि पूर्ण वाढूनही ती साधारण 1 सेंटिमीटरचीच राहते. मेणपतंगाच्या अळीला पुढच्या सहा पायांशिवाय मागे पोटाखाली मऊ, आखूड पायांच्या जोड्या असतात आणि ती अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढते. ती पोळ्यात रेशमी जाळं विणत, काळी विष्ठा टाकत बोगदे करते. कोष करताना चौकटीचं लाकूडही कोरते. भुंगा जाळं विणत नाही. त्याच्या अळ्यांनी मध आंबतो, पोळ्यावरून बुळबुळीत ओघळतो आणि सडक्या संत्र्यासारखा वास सुटतो. प्रौढ भुंगा 5 ते 7 मिलिमीटरचा, गडद तपकिरी ते काळा. झाकण उघडताच उजेडापासून पळून कोपऱ्यात शिरतो. त्याची अळी कोषासाठी मातीत उतरते, म्हणून नुसत्या काँक्रीटच्या गच्चीवर त्याचं पुढचं चक्र अडतं. कुंड्या असतील तर ही सुटका नाही.

पुडीत नेमकं काय होतं ते कुणी तपासलं नाही. पण मधमाशीही किडाच. चालू पेटीत बिनलेबलची कीटकनाशक पूड टाकली की आधी तीच मरते. मेणपतंग घालवायला पुडीची गरजही नसते. बिघडलेली पोळी काढा, वापरण्याजोगी फ्रीझरमध्ये 24 तास ठेवा, माश्या झाकू शकतील तेवढ्याच चौकटी आत राहू द्या, तळपाट आठवड्याला खरवडा. सातेरीची वसाहत अशक्त असेल तर पतंग येणारच, आणि त्रास वाढला की माश्या पेटी सोडून जातात.

घेताना पावसाळा टाळा. पेटी समोर उघडायला लावा: निदान चार चौकटींवर दोन्ही बाजूंनी माश्या, ताजी अंडी, शक्य तर राणी दिसली पाहिजे. हे दिसेपर्यंत पैसे देऊ नका, उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. ‘आत्ता उघडता येत नाही’ म्हणाला तर सरळ परत पाठवा, पाऊस थांबल्यावर आण म्हणावं.

खरा भुंगाच असावा असं वाटलं तर किडा आणि अळ्या स्पिरिटच्या बाटलीत घाला, पेटी हलवू नका, कुणाला देऊ नका, आणि नमुन्याबद्दल पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत विचारा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि गोठवणं अवघड होतं.