इमिच: फोटो घरच्या सर्व्हरवर ठेवायचे असतील तर आधी हे वाचा

घरी काहीतरी सेल्फ-होस्ट करायचंय, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर चालवायचंय, सुरुवात कशाने करू असं कोणी विचारलं की मी सरळ इमिच सांगते, म्हणजे गुगल फोटोजसारखं पण स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं ओपन सोर्स ॲप. बाकीची ओपन सोर्स फोटो ॲप्स गॅलरी म्हणून चांगली असतात पण बरीचशी मोबाइल ॲपमध्ये मार खातात, आणि घरातले लोक वापरणार ते मोबाइल ॲपच, सर्व्हरवर काय चाललंय याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. इथे टाइमलाइन झपाझप सरकते, चेहरे ओळखून माणसांप्रमाणे फोटो लावले जातात, मॅपवर दिसतात. प्रोजेक्ट 2022 चा, आधीची काही वर्षं रिलीज नोट्स वाचल्याशिवाय अपडेटला हात लावायचा नाही अशी गत होती, पण ऑक्टोबर 2025 मध्ये 2.0 आलं आणि त्यांनी स्वतःच ते स्टेबल म्हणून जाहीर केलं.

इन्स्टॉलेशन डॉकर कंपोजने (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या तयार पेट्यांमध्ये चालवायचं साधन), दोन फाइल्स डाउनलोड करायच्या, पाथ आणि पासवर्ड बदलायचा, झालं. फक्त फोटो मोठ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि इमिच वापरतं तो पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस एसएसडीवर, आणि तो डेटाबेस नेटवर्क शेअरवर (नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या फोल्डरवर) तर अजिबात नको. रास्पबेरी पायवर चालतं, पण पहिल्यांदा सगळे जुने फोटो टाकले की चेहरे ओळखायचं आणि सर्चचं काम त्याला झेपता झेपत नाही, त्यापेक्षा एखादा जुना मिनी पीसी बरा. हे काम करणारा मशीन लर्निंगचा कंटेनर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवायची सोयही आहे. सर्चचं (फोटोत काय आहे ते लिहून शोधायचं) डीफॉल्ट मॉडेल इंग्रजीसाठी आहे, दुसऱ्या भाषेत शोधायचं असेल तर सेटिंग्जमध्ये मल्टिलिंग्वल मॉडेल टाका आणि स्मार्ट सर्चचा जॉब सगळ्या फोटोंवर पुन्हा चालवा, नाहीतर काही सापडणार नाही.

बाहेरून बघायचंय म्हणून राउटरवर इमिचचं 2283 पोर्ट उघडून मोकळे होऊ नका. टेलस्केल किंवा वायरगार्ड लावा, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंत खाजगी व्हीपीएन. ॲपमध्ये घरच्या वायफायचं नाव दिलं की घरी असताना लोकल पत्ता आणि बाहेर असताना दुसरा पत्ता आपोआप वापरला जातो, ही गोष्ट मला फार आवडली कारण घरच्यांना काही समजावत बसावं लागत नाही.

आता खरा मुद्दा, बॅकअप. फोनमधले फोटो इमिचवर गेले म्हणजे बॅकअप झाला असं बरेच जण समजतात, आणि मग फोनमधून डिलीट करून टाकतात, म्हणजे पुन्हा एकच कॉपी उरली ना! रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून एक गेली तरी डेटा टिकवायची पद्धत) लावलंय म्हणाल तर ते डिस्क गेली तर वाचवतं, चुकून डिलीट केलेलं नाही. इमिचचं ट्रॅश डीफॉल्टला 30 दिवस ठेवतं, त्यानंतर गेलं ते गेलं.

त्यात इमिचचा डेटा दोन ठिकाणी असतो. फोटो साध्या फाइल्स म्हणून फोल्डरमध्ये, आणि अल्बम, चेहऱ्यांची नावं, कोणाचा फोटो कोणता हे सगळं डेटाबेसमध्ये. डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलमधली पूर्ण कॉपी, ते रोज पहाटे 2 वाजता आपणहून घेतं आणि शेवटचे 14 ठेवतं, चांगलंच आहे, पण तो जातो फोटोंच्याच जागेतल्या बॅकअप्स फोल्डरमध्ये! डिस्क मेली की दोन्ही एकदम गेले. म्हणून रेस्टिक किंवा बोर्ग यासारख्या बॅकअप टूलने अपलोड, लायब्ररी, प्रोफाइल आणि बॅकअप्स ही फोल्डर्स दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि एक कॉपी घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे पडलेली डिस्क असली तरी चालेल. थंबनेल्स आणि इमिचने एनकोड केलेले व्हिडिओ सोडून दिले तरी हरकत नाही, ते परत बनतात, जागाही वाचते.

आयफोन असेल तर बॅकग्राउंड अपलोड कधी चालवायचा हे आयओएस ठरवतं, म्हणून अधूनमधून ॲप उघडून ठेवावं लागतं. अँड्रॉइडवर बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. सर्व्हरला छोटा यूपीएस लावाच, लाइट गेली की डेटाबेसचीच जास्त काळजी असते.

आणि घरच्यांना वापरायला द्यायच्या आधी एकदा दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर तेच व्हर्जन टाकून बॅकअपमधून रीस्टोअर करून बघा, अल्बम आले का, माणसांची नावं आली का. ती दिसली की मगच फोनमधून डिलीट करायला सांगा.