१६ मिमी जाडीचं पिकलबॉल पॅडल, दोन महिने वापरल्यावर: नेटवरच्या अटॅकसाठी घ्यावं का?
आधी माझ्याकडे १४ मिमीचं लांबट पॅडल होतं, पॉवर भरपूर, पण किचन लाइनवर (किचन म्हणजे नेटला लागूनचा पट्टा, त्यात उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्पा न पडलेला बॉल, मारता येत नाही) फटाफट व्हॉली सुरू झाल्या की बॉल एकतर नेटमध्ये नाहीतर थेट बाहेर. म्हणून १६ मिमीचं रुंद घेतलं, १६ इंच लांब आणि ८ इंच रुंद. दोन्ही मिळून २४ इंचांच्या वर नियमात चालत नाही, त्यामुळे रुंद हवं तर लांबी सोडावीच लागते.

सगळ्यात जास्त फरक ब्लॉकला पडलाय. समोरच्याने अंगावर हाणलेला बॉल कडेला लागला तरी पॅडल हातात फिरत नाही, पकड सैल ठेवली की बॉल मरतो आणि किचनमध्ये पडतो. अटॅकचं सोडून ब्लॉकचं काय सांगतोय असं वाटेल, पण माझा अटॅक सुधारला तो इथूनच! आधी मार बसायची भीती, म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवरचा बॉलपण मी स्पीड-अप करायचो, म्हणजे अचानक जोरात मारायचो, आणि नेट मधोमध ३४ इंच, कडेला ३६, मग इतक्या खालून मारलेला बॉल वर चढूनच जाणार आणि समोरचा तो ठेचणारच ना. आता रिसेट (जोरात आलेला बॉल मऊ करून किचनमध्ये टाकणं) जमेल याचा भरवसा आहे म्हणून डिंक (किचनमध्ये पडणारे हलके फटके) करत थांबतो, बॉल छातीजवळ आला की मगच मारतो, बॅकस्विंग जवळपास नाहीच, आणि नेम उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर नाहीतर कमरेवर. तिथे त्याचं कोपर अडकतं, बॉल उंच उडून परत येतो आणि पुढचा फटका आपला.

तक्रारी पण आहेत. उंच बॉल आधी एका फटक्यात संपायचा तो आता परत येतो. सुरुवातीला मी जास्त जोर लावायचो आणि तोल जाऊन पाय किचनमध्ये, व्हॉलीच्या झोकात आत गेलात तर बॉल डेड झाला असला तरी फॉल्टच. आता जोर सोडून पायाशी मारतो. हँडल आखूड आहे, दोन हातांचा बॅकहँड मारणाऱ्यांना दुसरा हात ठेवायला जागा पुरत नाही, हे घेण्याआधी हातात धरून नक्की बघा.

दोन्ही कडांना ३-३ ग्रॅम लेड टेप (वजन वाढवणारी शिशाची चिकटपट्टी) लावून बघितली, पॅडल अजून स्थिर झालं पण हात उशिरा पोचायला लागला, म्हणून अर्धी काढली, आता बरोबर वाटतंय. सिंगल्स जास्त खेळत असाल तर मात्र लांब पॅडलच बघा, पोच लागते तिथे.